बटण दाबल्यावर कोण येणार?

उद्योगविषयक प्रश्नोत्तरांच्या या सदराकडे अलीकडे आलेल्या पत्रांत एक विषय पुन्हा पुन्हा दिसला : यंत्रापाशी बसवलेले साधे बिनतारी बटण, जे दाबले की सेटर (यंत्र कामासाठी जुळवून देणारा), स्टोअर, मेंटेनन्स किंवा तपासनीस यांच्यापर्यंत निरोप पोहोचतो. या वेळचे सदर त्या पत्रांनाच दिले आहे. पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आमच्याकडे दोन शेडमध्ये मिळून २२ सीएनसी (संगणकाच्या आज्ञेवर चालणारी) यंत्रे आहेत. इन्सर्ट (हत्याराचे कापणारे टोक) बदलणे, पहिल्या जॉबची म्हणजे घडवलेल्या भागाची तपासणी, कच्चा माल संपणे अशा प्रत्येक कारणासाठी ऑपरेटर यंत्र सोडून माणूस शोधायला जातो. एका पुरवठादाराने प्रत्येक यंत्रावर टचस्क्रीन आणि संपूर्ण उत्पादन-नियंत्रणाची प्रणाली सुचवली आहे, पण तो खर्च आम्हाला झेपणारा नाही. नुसत्या बटणांवर भागेल का? — एक लघुउद्योजक, भोसरी

उत्तर : भागेल, आणि टचस्क्रीन पुढेमागे घ्यायची असली तरी सुरुवात बटणांनीच करावी, असे माझे मत आहे. टचस्क्रीनवर थांबण्याच्या कारणांची तीस-चाळीस ओळींची यादी असते, हातमोजा तेलाने भिजलेला असतो आणि यादीच्या तळाशी ‘इतर’ नावाचा एक सोयीचा पर्याय असतो. महिनाभराने अहवाल काढला की निम्मी कारणे ‘इतर’मध्ये जमा झालेली दिसतात. एसटीच्या कंडक्टरकडे वर्षानुवर्षे एकच दोरी होती. एक घंटा म्हणजे थांब आणि दोन घंटा म्हणजे चल, एवढ्या भाषेवर सगळा प्रवास नीट होत असे, कारण घंटेचा अर्थ दोघांनाही पक्का ठाऊक होता आणि ऐकणारा माणूस जागेवर हजर होता. आपल्या यंत्रापाशीही तीनपेक्षा जास्त बटणे नकोत : एक सेटरसाठी, एक तपासणीसाठी, एक मालासाठी.

मात्र खरेदीच्या आधी एक आठवडा प्रत्येक यंत्रापाशी वही ठेवा. ऑपरेटर यंत्र सोडून गेला की कारणासमोर एक काडी आणि जाण्यायेण्याची वेळ, एवढीच नोंद पुरे. समजा, एक ऑपरेटर पाळीत दहा वेळा उठतो आणि प्रत्येक वेळी चार मिनिटे जातात, तर ४८० मिनिटांतून ४० मिनिटे गेली, म्हणजे पाळीचा बारावा हिस्सा. हेच प्रमाण सगळीकडे असेल तर २२ पैकी जवळजवळ दोन यंत्रे दिवसभर बंद ठेवल्यासारखे होते. अर्थात यंत्राची सायकल, म्हणजे एक जॉब कापण्याची फेरी, चालू असताना माणूस गेला आणि सायकल संपण्याआधी परतला तर यंत्राचा वेळ बुडत नाही. म्हणून वहीत ‘यंत्र चालू होते की थांबले होते’ हेही लिहायला लावा. हिशेब या दुसऱ्या रकान्यावरून करायचा. पुष्कळ विक्रेते तो पहिल्या रकान्यावरून करून दाखवतात आणि बचत भलतीच फुगते.

यंत्रणा निवडताना मी दोन गोष्टींवर अडून बसेन. पहिली म्हणजे दाबणाऱ्याला मिळणारी पोच. बटणावरच एक छोटा दिवा असावा. निरोप पोहोचला की तो लुकलुकावा आणि कोणी ‘येतो’ म्हणून स्वीकारला की स्थिर व्हावा. पोच नसली तर माणूस लिफ्टच्या बटणासारखे तेच बटण सात वेळा दाबतो आणि आठव्या वेळी उठून चालू लागतो. दुसरी म्हणजे वेळेच्या तीन नोंदी : बटण केव्हा दाबले, माणूस यंत्रापाशी केव्हा पोहोचला आणि काम केव्हा सुटले. यांतली मधली नोंद आलेल्या माणसाने यंत्रापाशीच, त्याच बटणावर दाबून करावी. ती मोबाइलवरून करता आली, तर चहाच्या टपरीवरूनही ‘पोहोचलो’ असे लिहिता येते.

ठरलेल्या वेळात, समजा पाच मिनिटांत, कोणी आले नाही तर निरोप आपोआप वरच्या माणसाकडे जावा. हा नियम कागदावर लिहून, सह्या घेऊन मगच यंत्रणा चालू करा. ज्या कामासाठी धावून येणारा माणूस ठरलेला नाही, त्या कामाचे बटण लावूच नका.

एक प्रामाणिक सूचनाही करतो. आपली दोन शेड नसती आणि सगळी यंत्रे एका नजरेत मावत असती, तर मी आपल्याला प्रत्येक यंत्रावर साधा तारेचा दिवा लावायला सांगितले असते. रेडिओची गरज भिंत आडवी आली की सुरू होते.

प्रश्न : आमची फाउंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना, आहे. इंडक्शन फर्नेस (विजेवरची भट्टी), क्रेन, धूळ आणि उष्णता यांमध्ये बिनतारी बटणे चालतील का? बाजारात ४३३, ८६८, ९१५ मेगाहर्ट्झ आणि २.४ गिगाहर्ट्झ अशी अनेक प्रकारची उपकरणे मिळतात. कोणती घ्यावीत? — एक व्यवस्थापक, शिरोली औद्योगिक वसाहत, कोल्हापूर

उत्तर : फर्नेसची भीती बहुतांशी अनाठायी आहे. इंडक्शन फर्नेसचा प्रवाह काहीशे हर्ट्झपासून काही हजार हर्ट्झपर्यंतच्या वारंवारतेचा असतो, तर आपले बटण कोट्यवधी हर्ट्झवर बोलते. दोघांची हवेत सहसा गाठ पडत नाही. फर्नेसचा उपद्रव होतो तो विजेच्या लाइनमधून. रिसीव्हरचा अडॅप्टर फर्नेसच्याच फीडरवर असेल तर दाबातल्या चढउतारांनी तो अडखळतो किंवा बंद पडून पुन्हा सुरू होतो, आणि दोष मात्र ‘रेंज’ला दिला जातो. रिसीव्हरला कार्यालयाच्या लाइनवरून, छोट्या यूपीएसमार्फत वीज द्या.

खरा अडथळा लोखंडाचा आहे. मोल्डिंग बॉक्सची चळत, उभा केलेला लॅडल (वितळलेल्या धातूचे भांडे), डोक्यावरून जाणारी क्रेन यांच्या आड रेडिओलहरींची सावली पडते, आणि परावर्तित झालेल्या लहरी एकमेकींना मारून अधूनमधून मुक्या जागा तयार होतात. ८६५ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ३५ सेंटिमीटर असते, २.४ गिगाहर्ट्झची साडेबारा. त्यामुळे मुक्या जागेतले बटण वीतभर बाजूला सरकवले तरी पुष्कळदा बोलू लागते. चाचणी रविवारी रिकाम्या शेडमध्ये घेऊ नका. भट्टी चालू, क्रेन फिरती आणि बॉक्स रचलेले असताना घ्या. एका मोठ्या शेडला एकच उंच रिसीव्हर लावण्यापेक्षा समोरासमोरच्या दोन भिंतींवर दोन लावले तर एकाला दिसत नाही ते दुसऱ्याला दिसते.

आता वारंवारतेच्या पट्ट्यांविषयी. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ आणि २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ हे पट्टे ठरावीक शक्तीच्या मर्यादेत परवान्याविना वापरता येतात. ४३३ ते ४३४ मेगाहर्ट्झचा पट्टाही इमारतीच्या आत, फार कमी शक्तीच्या उपकरणांना खुला आहे. मात्र ९१५ मेगाहर्ट्झवर चालणारी उपकरणे अमेरिकेसाठी बनवलेली असतात. आपल्याकडे त्याच परिसरात मोबाइल फोन बोलतात, तेव्हा ती कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नयेत. ८६८ मेगाहर्ट्झची युरोपीय उपकरणे घेताना थोडी चौकशी करा, कारण त्यांतील काही ८६८.३ वर चालतात आणि आपला पट्टा ८६८ ला संपतो. फरक चिमूटभर दिसतो, पण तो कुंपणाच्या पलीकडचा आहे. विक्रेत्याकडे दूरसंचार खात्याच्या बिनतारी नियोजन शाखेची, म्हणजे डब्ल्यूपीसीची, उपकरण-मान्यता मागावी.

आपल्यासारख्या लोखंडाने भरलेल्या मोठ्या शेडसाठी ८६५ च्या पट्ट्यातली बटणे मला अधिक योग्य वाटतात. ती अडथळ्यांना वळसा घालण्यात २.४ गिगाहर्ट्झपेक्षा सरस असतात, आणि कार्यालयातील वाय-फायची गर्दीही त्यांच्या वाटेत येत नाही. ४३३ ची रिमोटसारखी स्वस्त बटणे टाळा. त्यांतल्या अनेकांचे संकेत ठरीव असतात, आणि शेजारच्या कारखान्याचे फाटक उघडताना आपल्याकडे मेंटेनन्सची घंटा वाजू शकते.

धुळीसाठी आयपी ६५ किंवा ६७ दर्जा, म्हणजे धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा, पाहा. यातला पहिला आकडा सहा असणे म्हणजे आत धूळ जात नाही. भट्टीजवळ बटण लावताना बॅटरीची तापमान-मर्यादा तपासा. बटण टिकले आणि बॅटरी फुगली, असे होता कामा नये.

प्रश्न : बॅटरी बदलण्याची कटकट नको म्हणून बॅटरीशिवाय चालणारी बटणे घ्यावीत का? आमचा आयटीवाला म्हणतो की वाय-फायचीच बटणे घ्या, वेगळे काही बसवावे लागणार नाही. — सातपूर, नाशिक

उत्तर : बॅटरीशिवायचे बटण ही फार देखणी कल्पना आहे. दाबताना बोटाने लावलेल्या जोरातून आतले चुंबक हलते, वेटोळ्यात क्षणभर वीज निर्माण होते आणि तेवढ्या विजेवर निरोप निघून जातो. सीमेन्समधून २००१ मध्ये वेगळी झालेली एनओशन ही जर्मन कंपनी या तंत्रासाठी ओळखली जाते. दिवे लावण्या-विझवण्यासाठी ते उत्तम आहे. कारखान्यात मात्र एक पेच आहे : कोणी दाबल्याशिवाय त्याच्यात वीजच नसते, त्यामुळे ते ‘मी ठीक आहे’ असे अधूनमधून कळवू शकत नाही आणि पोच ऐकण्यासाठी जागे राहू शकत नाही. फुटलेले बटण आणि शांत बटण यांत रिसीव्हरला फरक कळत नाही. भोसरीच्या पत्राला उत्तर देताना मी पोचेच्या दिव्याचा आग्रह धरला, तो इथे सोडावा लागतो. युरोपमधून आणलेल्या बटणांना वर सांगितलेला पट्ट्याचा प्रश्नही लागू आहे.

वाय-फायच्या बाबतीत हिशेबच करून पाहू. झोपेतून उठून नेटवर्कला जोडले जाऊन निरोप पाठवायला तीन सेकंद आणि सरासरी ८० मिलिअँपिअर धरले, तर एका दाबाला सुमारे ०.०६७ मिलिअँपिअर-तास (सेलमधल्या साठ्याचे माप) लागतात. दिवसाला शंभर दाब झाले की पावणेसात. सीआर २०३२ या नाण्यासारख्या सेलमध्ये साधारण २२० मिलिअँपिअर-तास असतात, म्हणजे कागदावर महिनाभर; प्रत्यक्षात वाय-फायला क्षणभर लागणारा मोठा प्रवाह हा सेल देऊच शकत नाही. याउलट लहान पल्ल्याचे साधे रेडिओ-बटण तोच निरोप तीनदा पाठवूनही एकूण ६० मिलिसेकंदांत मोकळे होते. २५ मिलिअँपिअरने शंभर दाबांना ०.०४२ मिलिअँपिअर-तास लागतात, आणि कागदी भागाकार चौदा वर्षे येतो. प्रत्यक्षात हा सेल इतकी वर्षे टिकेलच असे नाही, बटण झोपेत असतानाही थोडी वीज जातच असते आणि दिव्याचा खर्च वेगळा. पण बॅटरी वर्षानुवर्षे बदलावी लागत नाही, हे विक्रेत्याचे म्हणणे खोटे नसते, एवढे यावरून दिसते.

तेव्हा बॅटरीची, दर दहा-पंधरा मिनिटांनी स्वतःची हजेरी देणारी आणि सेल उतरू लागला की आधीच कळवणारी बटणे घ्यावीत. वाय-फायची बटणे जिथे विजेची तार आधीच आहे तिथे खुशाल लावा. आणि सगळे निरोप इंटरनेटवरून फिरून येणारी यंत्रणा असेल, तर नेट गेल्यावर स्टोअरपर्यंतचा तीस मीटरचा निरोपही बंद पडेल. कारखान्यातल्याच एका छोट्या संगणकावर चालणारी यंत्रणा मागा.

प्रश्न : आम्ही सहा महिन्यांपूर्वी जुळणीच्या लाइनवर बटणे आणि मोठा फलक बसवला. पहिल्या पंधरवड्यात खूप निरोप आले, आता जवळजवळ कोणी बटण दाबत नाही. लाइन मात्र पूर्वीइतकीच थांबते. कामगारांना शिस्त कशी लावावी? — उत्पादन विभागातील एक अधिकारी, चाकण

उत्तर : आपल्या प्रश्नातले शेवटचे वाक्य सोडून बाकी सगळ्याशी मी सहमत आहे. पहिल्या पंधरवड्यात ज्यांनी बटण दाबले, त्यांचे पुढे काय झाले हे आधी शोधा. तेव्हाच्या नोंदी यंत्रणेत असतील. किती निरोपांना दहा मिनिटांच्या आत माणूस पोहोचला, ते मोजा. सरासरी काढू नका. एखादा निरोप रात्रपाळीत तीन तास तसाच राहिला असेल तर सरासरी बिघडते. माणूस पोहोचायला लागलेल्या वेळेच्या क्रमाने निरोप लावून मधला कोणता येतो ते पाहा. मला वाटते, उत्तर तिथेच मिळेल.

या बटणाचे कूळ ठाऊक असले की त्याचा स्वभाव कळतो. अशा दिव्यांच्या फलकाला ‘अँडॉन’ म्हणतात; जपानीत त्याचा अर्थ कागदी कंदील. टोयोटाच्या कारखान्यात लाइनवरचा कामगार अडचण दिसताच दोरी ओढतो आणि फलकावर त्याच्या जागेचा दिवा लागतो. अलीकडे तिथेही काही ठिकाणी दोरीच्या जागी बटणे आली आहेत. दोरी ओढताच लाइन थांबते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात लाइन ठरलेल्या खुणेपर्यंत पुढे सरकत राहते, तेवढ्या वेळात गटप्रमुख धावत येतो, आणि अडचण सुटली तर तो पुन्हा दोरी ओढून दिवा विझवतो. सुटली नाही तरच खुणेपाशी लाइन थांबते. म्हणजे दोरीचे एक टोक कामगाराच्या हातात असते आणि दुसरे गटप्रमुखाच्या पायात. आपल्याकडे फलक येतो, दिवे येतात, पण चार-सहा जणांमागे एक मोकळा गटप्रमुख ठेवण्याचा खर्च कोणी उचलत नाही. सुपरवायझर डिस्पॅचच्या गाडीपाशी उभा असतो आणि फलक भिंतीला लाल होऊन राहतो.

दुसरे कारण अधिक नाजूक आहे. दिवा लागल्यावर आलेल्या माणसाचे पहिले वाक्य काय असते, ते कान देऊन ऐका. ‘काय झालं?’ आणि ‘का दाबलंस?’ या दोन वाक्यांत आपल्या यंत्रणेचे सगळे भवितव्य आहे. मी पाहिलेल्या एका कारखान्यात कोणत्या जागेवरून किती वेळा बटण दाबले गेले, याचा तक्ता सकाळच्या सभेत वाचला जात असे. महिन्याभरात तक्ता कोरा झाला आणि व्यवस्थापनाने सुधारणा झाली म्हणून पेढे वाटले. कंत्राटी कामगाराला तर दुसऱ्या महिन्यात गेटचा पास मिळेल की नाही याचीच चिंता असते. आपल्या नावासमोर लाल आकडा तो कशाला लावून घेईल? जागानिहाय दाबांचा तक्ता आपल्याकडेही असेल तर तो आजच काढून टाका आणि त्याऐवजी पोहोचण्याच्या वेळेचा तक्ता लावा. तो धावणाऱ्या विभागांचा हिशेब असेल, बोलावणाऱ्या माणसांचा नाही.

काही लहान गोष्टीही पाहून घ्या. बटण बसल्या किंवा उभ्या जागेवरून हाताला येते का? खांबाच्या मागे लावलेले बटण मी पाहिले आहे. ते दाबायला ट्रॉलीला वळसा घालून जावे लागे. आपल्या लाइनवर मराठवाड्यातले, विदर्भातले, बिहार-ओडिशातले कामगार एकत्र काम करत असतील, तर बटणावर इंग्रजी अक्षरांऐवजी पान्याचे, खोक्याचे, मोजपट्टीचे चित्र छापा. आणि पुढचे पंधरा दिवस स्वतः लाइनवर उभे राहून, दिवा लागला की आपण स्वतः पोहोचा. अधिकारी धावतो हे दिसले की बटणे पुन्हा दाबली जातील.

प्रश्न : याच बिनतारी बटणाने आणीबाणीत यंत्र बंद करता येईल का? वेगळी तार ओढण्याचा खर्च वाचेल. — वाळूज, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : नाही. निरोपाचे बटण पोहोचले नाही तर माणूस उशिरा येतो. आणीबाणीचे बटण पोहोचले नाही तर हात जातो. आणीबाणीच्या बटणाची तार तुटली तरी यंत्र थांबले पाहिजे, तर साध्या बिनतारी बटणाची बॅटरी संपली की काहीच घडत नाही. क्रेनच्या रेडिओ-रिमोटवर थांबवण्याचे बटण असते, पण तिथे संपर्क अखंड चालू असतो आणि तो तुटताच क्रेन थांबते. ती निराळ्या दर्जाची, प्रमाणित उपकरणे आहेत. आणखी एक सांगतो : निरोपाच्या बटणाला पिवळ्या पाठीवरचा लाल छत्रीचा आकार देऊ नका. घाबरलेला माणूस रंग आणि आकार पाहून हात मारतो.

प्रश्न : नटबोल्टांचे डबे संपले की स्टोअरला कळवण्यासाठी बटण लावायचे आहे. डबा संपण्याच्या किती आधी दाबायचे? — रांजणगाव

उत्तर : ‘किती आधी’ हे कामगाराच्या अंदाजावर सोडूच नका. प्रत्येक मालाचे दोन डबे ठेवा. पहिला रिकामा झाला की बटण दाबायचे आणि दुसऱ्यातून काम चालू ठेवायचे. ताशी ४५ नग आणि नगाला ४ बोल्ट लागत असतील तर तासाला १८० झाले. स्टोअरमधून माल यायला ४० मिनिटे लागत असतील तर तेवढ्यात १२० संपतात. थोडी सवड धरून डब्यात १५० ठेवा. टोयोटाच्या कानबान कार्डाचे, म्हणजे माल मागवण्यासाठी पाठवायच्या कार्डाचे, काम इथे बटण करते. फरक इतकाच की कार्ड हातात असल्याने दोनदा पाठवता येत नाही आणि बटण दोनदा दाबता येते. म्हणून माल येईपर्यंत दुसरा दाब मोजायचा नाही, अशी सोय यंत्रणेत करून घ्या.

प्रश्न : आमचे साधे यंत्रमाग आहेत. माग बिघडला की कामगार जॉबरला, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्याला, शोधत फिरतो, आणि तेवढ्यात त्याच्याकडचे बाकीचे मागही सुटतात. आम्हाला या बटणांचा उपयोग आहे का? — इचलकरंजी

उत्तर : आपला प्रश्न शेवटी घेतला, पण या साऱ्या कल्पनेचा उगम मागाशीच आहे. टोयोटा मोटारींकडे वळण्याआधी साकिची टोयोडा यांनी धागा तुटताच आपोआप थांबणारे माग बनवले. १९२४ चा त्यांचा स्वयंचलित माग प्रसिद्ध आहे. एका माणसाने अनेक माग सांभाळावेत आणि अडचण असेल तिथेच जावे, हा विचार तिथूनच लाइनवर आला.

आपल्या शेडमध्ये घंटा किंवा भोंगा लावण्यात अर्थ नाही, कारण मागांच्या खडखडाटात तो ऐकू येणार नाही. मागाच्या चौकटीला बटण चिकटवले तर ठोक्यांनी ते सैल होईल. दोन मागांमधल्या खांबावर, रबराच्या चकतीवर लावा. प्रत्येक मागाला बटण हवेच असे नाही, एका कामगाराच्या मागांमागे एक पुरे, आणि कापसाचे बारीक तंतू आत जाणार नाहीत असे ते पूर्ण बंद असावे. जॉबरच्या खिशात किंवा मनगटावर थरथरणारे छोटे उपकरण द्या आणि त्यावर मागाच्या जोडीचा क्रमांक दिसू द्या. कांडीवाल्यासाठी, म्हणजे सुताच्या कांड्या आणून देणाऱ्यासाठी, मात्र बटण लावू नका. त्याची फेरी ठरलेली असते, आणि ती चुकत असेल तर ती वेळेवर होते का हे आधी पाहावे लागेल.